दातात दात: जुन्या जीपचे क्राऊन-पिनियन घरी बदलताना

(दृश्य: नाशिकच्या म्हसरूळमधल्या बंगल्याचा पोर्च. मागून उचललेली जुनी महिंद्रा जीप.)

ताशी 80 चा वेग, टॉप गिअर एकास एक, टायरचा घेर साधारण 2.3 मीटर. मागच्या ॲक्सलमध्ये क्राऊन-पिनियन असतो: शाफ्टच्या टोकाचा छोटा पिनियन मोठ्या क्राऊन गिअरला, म्हणजे चाकांना, फिरवतो. हा जोड 5.38 चा असेल, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे 5.38 फेरे, तर इंजिन मिनिटाला 3100 फेरे मारतं. 4.88 घातला तर 2800, आणि 4.27 ला जेमतेम 2500. निफाडच्या काळ्या मातीतून भरलेली ट्रॉली ओढायला 5.38 च हवा. पण तीच जीप मुंबईला न्यायची म्हटली, की कसाऱ्यापलीकडे सपाटीला इंजिन सारखं ओरडत राहतं. म्हणून हा जोड बदलतात.

आधी आत्ता काय बसलंय ते मोजा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागची दोन्ही चाकं उचला, ॲक्सलखाली घोड्या (स्टँड) द्या. एक गोष्ट जिवाची आहे. अनेक जुन्या जीपचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक जरी उचललं, तरी तो ब्रेक गाडी धरत नाही. ठोकळ्यांशिवाय जॅक लावूच नका.

आता गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक मोकळा. शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि दोन्ही चाकं एकदमच, एकाच दिशेने एक फेरा फिरवा. शाफ्ट पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरला, तर क्राऊनला 43 दात आणि पिनियनला 8, म्हणजे 5.38. पाचाला थोडा कमी पडला तर 39 आणि 8, म्हणजे 4.88.

गाडी फोर बाय फोर असेल, तर पुढचा ॲक्सलही त्याच रेशोचा करावा लागतो. मागे 4.88, पुढे 5.38 ठेवून डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकलं, की दोन ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा डबा) किंवा शाफ्ट तुटतो. खर्च दुप्पट होतो, हे पार्ट घ्यायच्या आधीच मनात धरा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून तयार केलेले असतात, दोघांवर एकच नंबर असतो. एका जोडाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही एकत्र चालत नाही.

(दृश्य: ड्रेन प्लग. डिसेंबरच्या सकाळी काकवीसारखं उतरणारं ऑइल.)

ऑइल गरम असताना काढलेलं बरं. थोडी फेरी मारून आणा. चाकाचा हब टेपर, म्हणजे निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असेल, तर तो काढायला पुलरच लागतो. शाफ्टच्या टोकावर घण घातला तर तो मार थेट आत दोन शाफ्टच्या मधल्या थ्रस्ट ब्लॉकला बसतो. ब्रेक प्लेटमागचे शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) ज्या बाजूचे त्याच बाजूला ठेवा. बेअरिंग कॅप काढण्याआधी सेंटर पंचाने खुणा करा: डावीला एक टिंब, उजवीला दोन. कॅप हाउसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल केली की बेअरिंग वाकडं धरलं जातं. बेअरिंग काढणं-बसवणं सातपूर किंवा अंबडला एखाद्या प्रेसवर करून घ्या. घरी छिन्नीने हे काम होतं, पण केज, म्हणजे क्राऊन ज्यावर बसतो तो डिफरन्शियलचा सांगाडा, खरवडला जातो.

केजच्या दोन्ही बाजूंची जुनी साइड बेअरिंग फेकू नका. त्यांचं आतलं भोक एमरी पेपरने घासून किंचित मोठं करा, म्हणजे ती हाताने बसतील आणि निघतील. सेटिंग जमेपर्यंत हीच वापरायची.

इथून पुढे सगळा खेळ शिमचा.

पिनियनच्या डोक्यावर अधिक-उण्याचा आकडा कोरलेला असतो, इंचाच्या हजाराव्या भागात. जुन्यावर +2 आणि नव्यावर -1 असेल, तर आतल्या बेअरिंगच्या कपाखाली 3 हजारांश, म्हणजे 0.08 मिलिमीटर जाड शिम जास्त लागेल. ही फक्त सुरुवात. पक्कं काय ते दातच सांगतात.

मग पिनियनचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंग किती आवळलीत ते. नव्या बेअरिंगला 23 ते 46 किलो-सेंटिमीटर. बारीक टॉर्क पाना नसेल तर फ्लँजला (पिनियनच्या बाहेरच्या टोकावरच्या चकतीला) दोरी गुंडाळा आणि सामान तोलायच्या स्प्रिंग काट्याने ओढा. दोरी मध्यापासून 5 सेंटिमीटरवर असेल, तर पिनियन सावकाश फिरत असताना काटा साधारण पाच ते नऊ किलो दाखवेल. ऑइल सील अजून लावलेलं नको, नाहीतर त्याचाच अडसर मोजला जातो. क्राऊन केजवर बसवताना गरम करून घ्या, ठोकू नका. बोल्ट समोरासमोर, थ्रेड लॉकर लावून.

आता बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढिलाई. डायल गेज क्राऊनच्या दाताला टेकवा. पिनियन घट्ट धरून क्राऊन पुढे-मागे हलवा. सुई 0.13 ते 0.25 मिलिमीटरच्या आत हवी. तीन-चार ठिकाणी बघा. आकडा फार बदलत असेल तर बहुधा क्राऊनखाली कचरा अडकलाय.

(दृश्य: दातांवर पिवळा रंग, अगदी जवळून.)

दहा-बारा दातांना रंग लावा, क्राऊनला लाकडी फळीने अडसर द्या आणि पिनियन दोन्हीकडे फिरवा. रंग जिथे पुसला गेला, तिथे दात भेटतात. क्राऊनच्या दाताची बहिर्गोल बाजू ओढीची, ती आधी बघा. ठसा दाताच्या शेंड्याकडे चढला असेल तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे: शिम वाढवा. मुळाशी उतरला असेल तर पिनियन खोल गेलाय: शिम कमी करा. दाताच्या लांबीत आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे सरकला असेल, तर क्राऊन सरकवून बॅकलॅश बदला. हे तीन वेळा उघडावं लागतं, कधी सात वेळा. चौथ्या वेळी कंटाळून कव्हर लावणाऱ्याची गाडी पन्नासला किंचाळते, आणि मग खापर गिअर बनवणाऱ्यावर फुटतं.

ठसा मधोमध आला, की नवी साइड बेअरिंग प्रेसने बसवा, बॅकलॅश पुन्हा मोजा, सील लावा. हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर सरकत फिरणाऱ्या दातांना जीएल-5 दर्जाचं 90 नंबरचं ऑइल, फिलरच्या तोंडापर्यंत. साधं गिअर ऑइल घासणाऱ्या दातांना पुरत नाही. जुन्या जीपमध्ये स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या बाजूने येते, त्यामुळे 5.38 चं 4.88 केल्यावर काटा 60 दाखवताना गाडी 66 ने पळत असते.

पहिली फेरी गंगापूर धरणापर्यंत, हलक्या पायाने. तिथे थांबा, हाउसिंगला हात लावा. गरम लागेलच, पण हात टिकतच नसेल तर प्रीलोड जास्त झालाय. गाडी पूर्ण निवू द्या, मगच परत फिरा. 800 किलोमीटरपर्यंत ट्रॉली नाही, घाट नाही.

मग ऑइल उतरवा आणि दोन बोटांत चोळून बघा. चंदेरी झाक असेल तर ती दात जुळताना निघालेली भुकटी. बोटाला टोचणारा एक जरी कण लागला, तर नवं ऑइल ओतू नका, कव्हर उघडा.