पाय डोक्याच्या वर गेला की समजायचं, मारिशाल आला

२ जुलै १९६३ची रात्र, सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क, बेसबॉलची मॅच. जायंट्सचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, हुआन मारिशाल, डॉमिनिकन रिपब्लिकचा, वय २५. समोर मिलवॉकी ब्रेव्ह्जचा पिचर वॉरन स्पान, वय ४२. नऊ इनिंग झाल्या, ०-०. बारा झाल्या, पंधरा झाल्या, तरी ०-०च, आणि दोघंही बॉल दुसऱ्या पिचरकडे द्यायला तयार नाहीत. शेवटी १६व्या इनिंगला जायंट्सच्या विली मेझने होम रन (आपल्या सिक्ससारखा) मारला तेव्हा कुठे सगळे घरी गेले. मारिशालचे २२७ बॉल, स्पानचे २०१. आता शंभरी जवळ आली की पिचर बदलायला मॅनेजर खुर्चीतून उठतो.

पण मला आकड्यांपेक्षा मारिशालचा बॉल टाकतानाचा फोटो बघायचाय. त्याचा डावा पाय बघा, बूट डोक्याच्या वर गेलाय, अंग मागे झुकलंय, आता पडेल असं वाटतं आणि तेवढ्यात बॉल येतो. कुठून आला ते बॅटरला कळतच नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, इथे रनअप नसतो. माउंडवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, रबराची एक पट्टी असते, पाय तिला लावूनच टाकायचं, म्हणजे सगळा जोर जागच्या जागी गोळा करायचा. तो गोळा करायची जी काही नाटकं, तेच विंडअप. आणि प्रत्येकाचं नाटक वेगळं!

बॉस्टनचा लुइस टियांट, क्यूबाचा, टाकता टाकता बॅटरकडे चक्क पाठच फिरवायचा, वर कुठेतरी बघायचा आणि मग गर्रकन वळायचा. त्याचे वडीलही पिचर, अमेरिकेत नीग्रो लीगमध्ये, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये, खेळलेले. बापलेकांची वर्षानुवर्षं भेट नाही, आणि १९७५ला म्हातारा क्यूबाहून आला तो फेनवे पार्कच्या माउंडवर उभा राहून त्याने मॅचआधीचा मानाचा बॉल टाकला. सॉरी, इथे मी दर वेळी व्हिडिओ पॉज करतो.

मग डॉजर्सचा फर्नांडो वालेन्झुएला, मेक्सिकोचा. बॉल टाकायच्या आधी डोळे आभाळाकडे! १९८१ला एकाच सीझनमध्ये रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू) पण आणि साय यंग अवॉर्ड (सर्वोत्तम पिचर) पण. पुढे १९९५ला त्याच टीममध्ये जपानहून हिदेओ नोमो आला, हात आभाळात ताणून पूर्ण पाठ वळवणारा, नावच पडलं टॉर्नेडो.

मग हे सगळं गेलं कुठे? लोक पिच क्लॉकला, म्हणजे पिचरला वेळ मोजून देणाऱ्या घड्याळाला, शिव्या देतात. २०२३पासून बेस (रनरने पळत गाठायच्या जागा) रिकामे असतील तर १५ सेकंद. पण पिचरने टाकायला सुरुवात केली की घड्याळ थांबतं, मग त्या बिचाऱ्या घड्याळाचा काय दोष. विंडअप त्याच्या कितीतरी आधीपासून आटत चाललं होतं. बेसवर रनर असताना एवढा पाय उचललात तर तेवढ्या वेळात तो पळत पुढचा बेस गाठून मोकळा (याला बेस चोरणं म्हणतात), म्हणून तेव्हा छोटी, आखडती अ‍ॅक्शन लागते, तिला स्ट्रेच म्हणतात. मग कोच म्हणाले, दोन-दोन अ‍ॅक्शन सांभाळायच्या कशाला, कायम स्ट्रेचनेच टाका की. जितकी हालचाल कमी तितकी चूक कमी, हिशोब बरोबरच आहे आणि तेच डोक्यात जातं.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये टियांट गेला आणि दोन आठवड्यांत फर्नांडोही.

मारिशालचा पुतळा सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या स्टेडियमबाहेर आहे, पाय अर्थातच वर. घरी एकदा करून बघा. मागे सोफा असू द्या फक्त.