टँकर वॅगन गळतेय, तरी प्रेशर तेवढंच कसं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच सूचना पुन्हा पुन्हा आलीये: "क्लोरीनच्या वॅगनला प्रेशर सेन्सर लावा, प्रेशर पडलं की गळती कळेल." आज याच्यावरच बोलू.

सेन्सर आकडा वायरलेसने कसा पाठवतो, ते पटकन उरकतो. मालगाडीच्या वॅगनला सहसा वीज नसते, म्हणून बॅटरी. सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो, मधूनमधून उठून मोजतो आणि जीपीएसच्या ठिकाणासकट आकडा पाठवतो. ठिणगी न पडणाऱ्या, प्रमाणित बनावटीचाच घ्यायचा. झालं.

आता प्रेशर. क्लोरीन, अमोनिया, एलपीजी हे टाकीत दाबाखाली द्रवरूपात असतात, वर थोडी वाफ. फटीतून वाफ गेली की खालचा द्रव उकळून तेवढीच वाफ पुन्हा तयार करतो. दाब ठरतो तापमानावर, माल किती उरलाय यावर नाही!

पटत नाही? घरचा सिलिंडर बघा. पार तळाला येईपर्यंत दाब जवळपास तसाच, म्हणून तर आपण तो उचलून बघतो.

आणखी पुढे. अमोनियाचा दाब 20 अंशांना साधारण 8.6 बार, 30 अंशांना 11.7 बार. सकाळी व्हॉल्व्ह गळायला लागला आणि दुपारी ऊन चढलं, तर ग्राफ वर जाईल. वॅगन गळतेय आणि ग्राफ वर! "तापमानाचा परिणाम वजा करा" म्हणणाऱ्यांनो, वजा केल्यावर हाती सपाट रेषाच येते. मोठ्या गळतीत द्रव गार पडून दाब उतरतो, हे खरं. पण तेव्हा ढग डोळ्यांना दिसत असतो. 2005 साली अमेरिकेत ग्रॅनाइटव्हिलला गाड्यांच्या टकरीत क्लोरीनची टाकी फुटली, 9 माणसं गेली. तिथे टाकी फुटल्याचं सांगायला सेन्सर लागत नव्हता. मला काळजी आहे ती ढिल्या बोल्टची, झिजलेल्या गॅस्केटची.

एका यार्डात तंत्रज्ञाने मला वॅगनच्या माथ्यावरचं झाकण उघडून दाखवलं. व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ त्याने अमोनियाच्या द्रावणाची बाटली नुसती धरली आणि पांढऱ्या धुराची बारीक रेघ उठली. क्लोरीन! अमोनियाशी गाठ पडली की त्याचा असा पांढरा धूर होतो. गॅस ओळखणारा सेन्सर तिथेच हवा, झाकणाच्या आत, कारण बाहेर धावत्या गाडीचा वारा सगळं पांगवतो. फक्त अँटेना बाहेर काढा, लोखंडी झाकणातून सिग्नल निघत नाही.

दाबाखालच्या हायड्रोजनला मात्र प्रेशर सेन्सर जरूर लावा, तिथे द्रवच नसतो. बाकी प्रेशरचे ग्राफ पाठवणाऱ्यांनी त्याच तासांचा तापमानाचा ग्राफही पाठवा, पुढच्या भागात दोन्ही शेजारी ठेवून बघू.