बाळाची नजर जुळते कधी

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं, सगळ्यांनी एक बोट नाकासमोर हातभर लांब धरा आणि हळूहळू जवळ आणा, नजर नखावरच ठेवायची. ताण जाणवतोय? आत्ता तुम्ही दोन कामं एकदम केलीत, डोळ्यातलं भिंग फुगवून फोकस जवळ आणलात आणि दोन्ही डोळे आत वळवलेत. दोन बोटं दिसायला लागली असतील तर घाबरू नका, घ्या हात खाली.

ही दोन कामं जोडीनं करायला बाळ कसं शिकतं हा आजचा विषय, पण आधी माझी एक तक्रार ऐका. वर्ष-दीड वर्षाचं मूल घेऊन आईबाप येतात, एक डोळा सरळसरळ आत वळलेला, कधीपासून विचारलं तर म्हणतात झाले की बरेच महिने, पण सगळे म्हणाले लहान आहे, मोठं झालं की जाईल आपोआप. एका आईनं मोबाईलमधले जुने फोटो काढले, आम्ही दोघं मागे मागे जात होतो, एका डोळ्यात फ्लॅशचा ठिपका बाहुलीच्या मधोमध आणि दुसऱ्यात पार बाहेरच्या कडेला, सहाव्या महिन्याच्या फोटोतही तेच. ती काही बोललीच नाही. मला फार राग आला, तिचा नाही, त्या सल्ल्याचा. कारण तो सल्ला अर्धा खरा आहे! पहिले दोन-तीन महिने बाळाचे डोळे अधूनमधून भरकटतात, बहुतेकदा बाहेरच्या बाजूला, आणि ते चालतं. चौथ्या महिन्यानंतर नाही चालत. आणि डोळा सतत वळलेलाच असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

हां, नाकाचं हाड बसकं असेल, कडेला कातडीची घडी असेल तर डोळे नुसतेच तिरळे भासतात, तिथे ठिपका दोन्हीकडे सारख्याच जागी पडतो. आणि फोटोत बाहुली पांढरी चमकली तर लगेच दाखवा, क्वचित तो डोळ्याचा कॅन्सर असतो.

पाचच मिनिटं उरलीत म्हणतायत, तर भराभर सांगतो. जन्मताना डोळा साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी २४ च्या आसपास, डोळा आखूड म्हणून चित्र पडद्याच्या मागे जुळतं, त्यालाच प्लस नंबर म्हणतात, तो बहुतेक बाळांना असतो, सरासरी दोनेक. पडद्याचा मधला भागही कच्चा, सगळंच धूसर, मग फोकस थोडा चुकला तरी बाळाला फरक कळत नाही. तीन-चार महिन्यांत फोकस अंतराप्रमाणे बदलायला लागतो, डोळे बरोबर वळतात आणि त्याच सुमारास दोन डोळ्यांनी वस्तू किती जवळ, किती लांब हे कळायला लागतं. पण मेंदूला दोन्हीकडून जुळणारं चित्र मिळायला हवं. ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा बंद ठेवला तर मेंदूतल्या बहुतेक पेशी दुसऱ्या डोळ्याच्याच झाल्या, मोठ्या मांजरात तसं झालं नाही, १९८१ चं नोबेल मिळालं त्यांना. म्हणजे मेंदूची ही जुळणी लहानपणीच घडते, माणसाच्या मुलात ती मुदत काही वर्षांची आहे, पण आहे.

शेवटचं. प्लस नंबर जास्त असला की मुलाला फोकस जास्त ताणावा लागतो आणि त्याबरोबर डोळेही आत ओढले जातात, मघाशी बोटाच्या वेळी तुमचे ओढले गेले तसेच. हा तिरळेपणा बहुधा दोन-तीन वर्षांच्या वयात दिसतो आणि पुष्कळदा नुसत्या चष्म्यानं डोळे सरळ होतात. तेव्हा एवढ्याशा पोराला कसला चष्मा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, लावा.