मशीन तापवता का?

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकमधल्या सातपूरच्या ज्या कारखान्यात माझी नोकरी झाली, तिथे ग्राइंडिंगवर, म्हणजे चाकानं घासून माल मापात आणायच्या कामावर, एक काका होते. वीस-बावीस वर्षं एकच मशीन. मे महिन्यात ते रिटायर झाले. शाल, श्रीफळ, पेढे, फोटो, सगळं रीतसर झालं. जाण्याआधी त्यांच्याकडून 'आपल्या कामाची माहिती' असा एक फॉर्मही भरून घेतला होता. काकांनी तो दीड पानात उरकला.

डिसेंबर उजाडला. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि आमच्याकडे पहिल्या पाळीत शाफ्ट रिजेक्ट होऊ लागले. सकाळी सातला साईज लागत नाही, दहानंतर आपोआप लागते. आम्ही चाक बदललं, मालाची बॅच बदलली, नव्या पोराला बोल लावला, शेवटी पोरगाही बदलला. महिना असाच गेला. मग कुणाला तरी सुचलं आणि काकांना फोन लागला. काकांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मशीन तापवता का?"

थंडीत ते पाळीच्या आधी वीस मिनिटं येऊन मशीन रिकामं फिरवायचे. रात्रभर गारठलेलं, चाक फिरवणारं स्पिंडल आणि तेल चालू झाल्यावर तापतं, लोखंड प्रसरण पावतं आणि साईज काही मायक्रॉन हलते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आम्हाला मुभा होती आठ मायक्रॉनची. "मग फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?" असं विचारलं, तर काका गोंधळले. म्हणाले, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

नॉलेज मॅनेजमेंट, म्हणजे संस्थेतल्या माणसांकडचं ज्ञान जपणं, या भारदस्त नावाच्या विषयाची खरी अडचण या एका प्रश्नात आहे. ज्याला येतं, त्याला ते ज्ञान वाटतच नाही. माणसाला सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं, असं मायकेल पोलानी या विचारवंतानं १९६६ मध्ये मांडलं होतं. तेव्हा फॉर्म कितीही लांबवा, वीस मिनिटं त्यात येणार नाहीत. ती बघावी लागतात.

जपानची मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, १९८० च्या दशकात घरगुती पाव करायचं यंत्र बनवत होती. कणीक काही केल्या नीट मळली जाईना. पाव वरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. शेवटी त्यांच्यातल्या एक बाई ओसाकातल्या एका हॉटेलात मुख्य पाववाल्याच्या हाताखाली उमेदवारीला राहिल्या. तेव्हा दिसलं की तो नुसता मळत नाही, कणीक ताणून पिळतो. त्याला विचारलं असतं तर 'मळतो' एवढंच म्हणाला असता! मग यंत्राच्या आतल्या बाजूला पट्ट्या बसवल्या आणि पाव जमला.

झेरॉक्स कंपनीत हेच जरा वेगळ्या वाटेनं झालं. कॉपी मशीन दुरुस्त करणारी माणसं मॅन्युअलपेक्षा जेवणाच्या गप्पांत जास्त शिकतात, हे त्यांच्यासोबत फिरलेल्या एका मानववंशशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. १९९० च्या दशकात या युक्त्या साठवायला 'युरेका' नावाची व्यवस्था उभी राहिली. युक्ती खरी की खोटी हे तपासायचे दुरुस्ती करणारेच, साहेब नव्हे. आणि ज्याची युक्ती, त्याचं नाव तिच्यासोबत. मला हे फार आवडतं. आपल्याकडे जुनी माणसं हातचं राखतात अशी तक्रार असते. मान त्यावरच टिकून असेल, तर का राखू नये?

आयएसओ ९००१ या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेजवळचं ज्ञान ओळखा आणि जपा, असं कलम आलं. आमच्याकडे त्याची एक फाईल आली. ती ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी भरायची, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक, बोलतोच. अंबड काय, सातपूर काय, कितीतरी मशीनवर ठेकेदाराची पोरं असतात. पोरगा मशीनचा आवाज ओळखायला लागतो न लागतो, तोच त्याचा गेटपास संपतो. अशा ठिकाणी लाखांचं सॉफ्टवेअर आणलं तरी त्यात भरणार काय? यापेक्षा आपले पिंपळगाव-दिंडोरीचे द्राक्षवाले शहाणे. छाटणीनंतर शेजाऱ्याच्या बागेत जातात, काडी हातात धरतात, डोळा कुठं फुटला, घड किती निघाले ते बघतात आणि तिथंच वाद घालतात.

आम्ही पुढे काकांना चार सकाळी बोलावलं, रीतसर मानधन देऊन. काढलेल्या पोराला परत त्याच मशीनवर आणून त्यांच्या शेजारी उभं केलं. लिहून घ्यायला तिसराच माणूस, कारण काकांचं लक्ष कामावर हवं होतं. निघालेलं एक पान मशीनच्या दाराला आतून चिकटवलं. वर काकांचं नाव, खाली सात ओळी. पावसाळ्यात त्या पोरानं आपल्या हातानं आठवी ओळ घातली, "लाईट जाऊन आली, की पुन्हा दहा मिनिटं." खाली त्यानं सही केली होती.

नमस्कार.