शाबर्तोंच्या पायथ्याशी

हा आल्प्समधला, फ्रान्स-इटली सीमेवरचा मोंजनेव्रचा घाट, उंची सुमारे १,८५० मीटर. पश्चिमेला उतरणारं पाणी द्युरांस नदीतून रोन नदीला मिळतं. पूर्वेचं पाणी दोरा नदीतून पो नदीला जातं आणि पुढे एड्रियाटिक समुद्राला.

आता वर पाहा. त्या बोडक्या शिखरावर एका रांगेत आठ ठिपके आहेत. हा शाबर्तों, ३,१३१ मीटर. जवळ गेलं की ठिपक्यांचे दगडी मनोरे होतात. इटलीने बांधलेले; प्रत्येकावर १४९ मिलिमीटरची एक तोफ. हिवाळ्यात तोफा बर्फाखाली गाडल्या जाऊ नयेत म्हणून एवढे उंच. मारा थेट खालच्या ब्रियांसों या फ्रेंच शहराच्या बाजूला. १० जून १९४० रोजी इटलीने युद्ध पुकारलं. फ्रेंचांनी २८० मिलिमीटरच्या चार उखळी तोफा वरून दिसणार नाहीत अशा डोंगराआड लावल्या आणि २१ जूनला शिखरावरचे ढग हटताच मारा सुरू केला. संध्याकाळपर्यंत आठांपैकी सहा मनोरे निकामी झाले. फुटलेल्या भिंतींचे दगड अजून तिथेच पडलेत.

१९४७ च्या पॅरिस तहात हे शिखर फ्रान्सकडे गेलं आणि सीमा खाली सरकून क्लाविएरे या इटालियन गावाच्या वेशीशी आली. वाट मात्र जुनीच, रोमन लोकांच्या पायाखालची.

दिवसा स्कीवाले या सीमेवरून इकडून तिकडे घसरत जातात. कुणी अडवत नाही, आणि अडवूही नये.

रात्री हेच रान. २०१५ पासून फ्रान्सने सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, म्हणून अफगाणिस्तानातून, गिनीतून आलेली माणसं डांबरी रस्ता सोडून झाडीतून चढतात. पायात कापडी बूट, गुडघाभर बर्फ. काही जण वाटेतच गेले. मे २०१८ मध्ये एक तरुणी द्युरांसमध्ये बुडाली.

हे दिवे गावकऱ्यांचे. थर्मासमध्ये गरम चहा, पाठीवर जादा हातमोजे, ब्लँकेटं. डोंगरात अडकलेल्याला खाली आणायचं, ही इथली जुनी रीत. जुलै २०१८ मध्ये फ्रान्सच्या घटना परिषदेनेही, म्हणजे कायदे राज्यघटनेला धरून आहेत की नाही हे तपासणाऱ्या संस्थेनेही, सांगितलं, की बंधुता हे राज्यघटनेचंच तत्त्व आहे आणि माणुसकीपोटी दुसऱ्याला मदत करण्याची मोकळीक त्यातूनच येते. त्याचे कागदपत्र आहेत की नाहीत, हे न विचारता.

ब्रियांसोंमधलं हे जुनं सॅनेटोरियम. २०२१ पासून इथे आसरा मिळतो. हीटरजवळ बूट वाळत ठेवलेत. नाड्या सोडलेल्या, जिभा बाहेर ओढलेल्या, आत वर्तमानपत्राचे बोळे.