सेस्नाला ऑटोपायलट बसतोय

(दृश्य: आकाशातून कोकण किनारा. लख्ख ऊन.)

कोकणचा किनारा छोट्या विमानातून बघावा तो पाऊस सरल्यावर. हवा धुतलेली असते. जुहूहून दक्षिणेकडे निघालं की डावीकडे सह्याद्रीची रांग, उजवीकडे समुद्र आणि पंखाखालून एकेक खाडी मागे पडत जाते. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण, कर्ली. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापर्यंत सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. सेस्ना १७२ सारख्या चार आसनी विमानाला पावणेदोन-दोन तास पुरतात. खाड्या ओळखता आल्या तर वाट चुकायची भीती नाही.

(दृश्य: तोच किनारा, उन्हाळ्यातली दुपार. सगळं करडं.)

उन्हाळ्यात मात्र हाच किनारा परका वाटायला लागतो. बाष्प आणि धूळ मिळून समुद्रावर करडा पडदा चढतो. ढग नाही, पाऊस नाही, तरी पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. क्षितिजच नाहीसं होतं. आणि विमान सरळ चाललंय की कललंय, हे डोळ्यांना सांगणारी खूण तीच असते. ती गेली की माणूस कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावर विसंबतो. ते इंद्रिय हवेत साफ फसवतं. विमान हळूहळू वळणात शिरलं, तर आपण सरळच चाललोय असं ते बेधडक सांगत राहतं.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं २० वैमानिकांवर एक प्रयोग केला. नुसत्या उपकरणांवर विमान चालवण्याचा सराव त्यांना नव्हता. बाहेरचं दिसेनासं केल्यावर ताबा सुटायला किती वेळ लागतो, ते मोजलं. सरासरी निघाली १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. शेजारी प्रशिक्षक होते म्हणून सगळे सुखरूप उतरले. २० पैकी १९ जणांचं विमान एकाच तऱ्हेनं हाताबाहेर गेलं होतं: घट्ट होत जाणारं, खाली खेचणारं वळण.

छोट्या विमानात ऑटोपायलट म्हटलं की अनेकांना ती आरामाची चैन वाटते. आम्हाला ते पटत नाही. एकट्या वैमानिकाला नकाशा बघायचा असतो, रेडिओवर बोलायचं असतं, इंधनाचा हिशेब ठेवायचा असतो, मागं फिरायचं का ते ठरवायचं असतं. त्या वेळात पंख सरळ धरून ठेवणारं कुणीतरी हवं.

(दृश्य: जुहूचं हँगर. आतल्या सीट काढलेलं विमान.)

या सेस्नाचे मालक रत्नागिरीचे डॉक्टर. विमान त्यांनी जुनं घेतलं, तेव्हा त्यात एक जुना ऑटोपायलट होता आणि तो बंद पडलेला होता. जुन्या उपकरणांतला जायरो, म्हणजे गरगर फिरणारं चाक, हवेच्या झोतावर फिरायचा. तो झोत इंजिनाला जोडलेला व्हॅक्यूम पंप निर्माण करायचा. पंपाची आतली कार्बनची पाती झिजली की तो एके दिवशी अचानक बसायचा आणि त्याच्यासोबत कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचा कल दाखवणारं उपकरणही लोळण घ्यायचं.

आता बसतेय त्या नव्या प्रणालीत फिरणारं चाक नाही. गार्मिनची जीएफसी ५०० ही २०१७ साली जाहीर झालेली प्रणाली त्यातलीच. सूक्ष्म संवेदक विमानाचा कल मोजतात, जीपीएस जागा सांगतं, नळ्यांमधून येणारा हवेचा दाब उंची आणि वेग सांगतो. संगणक हिशेब करतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारींना हुकूम देतो. एक मोटार पंखांवरचे एलरॉन हलवते, त्यानं विमान डावी-उजवीकडे कलतं; एक शेपटीवरचा एलिव्हेटर, त्यानं नाक वर-खाली होतं. पॅनलवर एक निळं बटण असतं. वैमानिक गोंधळला, तर ते दाबायचं. विमान पंख सरळ करून, चढणं-उतरणं थांबवून स्थिर होतं. क्षितिज हरवलेल्या दुपारी या एका बटणाचं मोल काय, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

कल्पना मात्र जुनीच. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर अमेरिकन वैमानिक लॉरेन्स स्पेरीनं आपला ऑटोपायलट लावून प्रेक्षकांसमोर दोन्ही हात वर केले, त्याचा मेकॅनिक चालत्या विमानाच्या पंखावर गेला आणि विमान सरळ चालत राहिलं.

(दृश्य: शेपटीच्या पोकळीत वाकलेले इंजिनिअर. टॉर्चचा उजेड.)

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. असा बदल त्या त्या मॉडेलसाठी आधी मंजूर झालेला असावा लागतो आणि विमानाचा नोंदणी क्रमांक भारताच्या व्हीटी या अक्षरांनी सुरू होत असेल, तर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. काम परवानाधारक इंजिनिअरच्या सहीनंच पुरं होतं.

खरं काम इथं, जिथं कुणाची नजर जात नाही. एलिव्हेटरची पोलादी केबल पायलटच्या हातापासून शेपटीपर्यंत जाते. तिच्यावर दोन क्लॅम्प बसवून सर्व्होची बारीक केबल जोडायची. ती केबल मोटारीच्या चाकावर, विहिरीच्या रहाटावर दोर बसावा तशी, वेढे एकमेकांवर न चढता बसली पाहिजे. मुख्य इंजिनिअर मूळचे मालवणचे. हँगरमधली पोरं त्यांना काका म्हणतात.

"काका, बसलं."

"बसलं नाय, नुसतं ठेवलंस. मीटर लाव आधी."

मीटर म्हणजे केबलचा ताण मोजायचं उपकरण. इथं तापमानही बघावं लागतं. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, केबल पोलादाची. उन्हात सांगाडा जास्त फुगतो आणि ताण वाढतो. उंचावरच्या गारव्यात तो आकसतो आणि केबल सैल पडते. म्हणून काका भिंतीवरचा तापमापक बघतात, पुस्तकातला तक्ता बघतात आणि मगच केबलचा ताण कमी-जास्त करणारा टर्नबकल पाव फेरा फिरवतात. पुन्हा मीटर. पुन्हा पाव फेरा. शेवटी लॉक वायर घालून पिळून घेतात, म्हणजे थरथरीनं काही सुटायला नको. त्यानंतर दुसरा इंजिनिअर तेच सगळं स्वतंत्रपणे तपासतो. एकाच्या डोळ्यावर हे काम सोडत नाहीत.

खाऱ्या हवेमुळं इथं आणखी एक काळजी. प्रत्येक कनेक्टर उघडून बघायचा. हिरवट पूड दिसली की पिन बदलायची. घासून पुसून भागत नाही.

आणि कुंभारीण. कोकणातल्या घराघरांत खिडकीच्या चौकटीत मातीचं घर बांधणारी ही माशी विमानाच्या पिटो नळीतही बांधते. वेग याच नळीवरून कळतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकात एक बोइंग ७५७ उडाल्यावर काही मिनिटांत समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. विमान बरेच दिवस उभं होतं, नळ्यांवर झाकणं नव्हती आणि तपासात अशाच माशीच्या घरावर संशय आला. खोट्या वेगावर विश्वास ठेवून ऑटोपायलट विमानाचं नाक वर उचलत राहिला होता. या हँगरमध्ये विमान थांबलं की सगळ्यात आधी पिटोवर टोपण चढतं. आम्ही ते रोज बघितलं.

(दृश्य: कॉकपिट. डॉक्टर आणि काका.)

"काका, याच्याशी झटापट झाली, तर माझा हात जिंकेल ना?"

"जिंकेल, डॉक्टर. मोटारीची ताकद मुद्दाम तेवढीच ठेवलेली असते. पण झटापट करायचीच नाही. सोडवायचं."

योकवर, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या हँडलवर, अंगठ्याखाली लाल बटण असतं. ऑटोपायलट चालू ठेवून योक जोरानं ढकलत राहिलं, तर तो वैमानिकाच्या जोराला विरोध म्हणून ट्रिम, म्हणजे नाकाचा वर-खालचा कल धरून ठेवणारी शेपटीवरची छोटी पट्टी, उलट्या दिशेला फिरवत जाऊ शकतो. मग जोर संपला की विमान उसळतं. म्हणून आधी लाल बटण, मग हात. बटणानं सुटला नाही, तर त्याची वीज तोडणारा सर्किट ब्रेकर ओढायचा. काकांनी डॉक्टरांना डोळे मिटून तो ब्रेकर शोधायला लावला. पुन्हा पुन्हा, हात थेट जाईपर्यंत.

(दृश्य: चाचणी उड्डाण, अलिबागच्या समुद्रावर.)

पहिल्या चाचणीत दिशा चोख धरली. उंची मात्र धरता धरता विमान संथपणे वर-खाली डुलत होतं. प्रवाशाला कदाचित जाणवलंही नसतं. काका खाली उतरल्या उतरल्या शेपटीकडे गेले. नवी केबल पहिल्या ताणात किंचित सैलावली होती. मीटरवर आकडा तक्त्यापेक्षा कमी. सगळी लॉक वायर कापली, ताण पुन्हा लावला, दुसऱ्या इंजिनिअरनं पुन्हा तपासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान मुरूडपर्यंत जाऊन आलं. डुलणं गेलं होतं. लॉगबुकात नोंद झाली, नवं वजन आणि तोलाचा तक्ता विमानात लागला. डॉक्टरांनी ठरवलंय, पुढचा महिनाभर प्रशिक्षकाला शेजारी बसवून, स्वच्छ हवेतच, हा ऑटोपायलट लावायचा आणि सोडवायचा. चिपीची फेरी त्यानंतर.