ओट्यावरून पाटावर

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

मंडळी, नमस्कार. बसूनच बोलते, राग मानू नका. बोलायचंय ते न जाणाऱ्या थकव्याबद्दल, आणि त्यात स्वयंपाक कसा निभवायचा त्याबद्दल.

सहा वर्षांपूर्वी नागपुरात, धरमपेठेतल्या घरी, तापानं पडले. ताप आठवड्यात उतरला, थकवा राहिला. "काहून झोपून राहिली?" हे रोजचंच झालं. आजीनं डिंकाचे लाडू केले. काका म्हणाले, "सावजीचा झणझणीत पाटवडी-रस्सा पी, घाम फुटला की उठून बसशील." घाम फुटला. बाकी काही नाही.

तपासण्यांत बी-१२ कमी निघालं. आमचं घर शाकाहारी. वरण, भाकरी, पालेभाजी, यांत बी-१२ नसतं. दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. इंजेक्शनं घेतली, हातापायाच्या मुंग्या गेल्या. थकवा गेला नाही. म्हणून सांगते, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आधी तपासून घ्या. तिथली उणीव भरून निघते. त्यानंतरही सहा महिन्यांवर थकवा राहिला, झोपून उठल्यावरही अंग शिणलेलंच, आणि थोड्या कामानं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवं व्हायची पाळी आली, तर क्रॉनिक फटिग सिंड्रोमबद्दल डॉक्टरांशी बोला. माझं तेच निघालं.

या आजाराला बरं करणारा आहार नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी हा आजार बरा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असंच आहे. मोबाइलवर येणारे 'सात दिवसांत ताकद'वाले काढे मी न उघडताच पुसते.

मग नीट खायचं कशाला? उपाशी राहिलं की आहे तीही शक्ती जाते, म्हणून. आणि खरी अडचण इथेच आहे. 'ताजं, घरचं खा' म्हणणाऱ्याला ते रांधायचं कुणी हे सुचत नाही. माझ्यासारख्या पुष्कळांना नुसतं उभं राहिलं तरी छाती धडधडते. रविवारी पाहुण्यांचा स्वयंपाक केला की मंगळवारी मी अंथरुणात.

उपाय आईकडे होता. ती पालक निवडायला पाटावर बसायची, विळीही बसूनच. मी तिला ओटा करून दिला होता, मोठ्या कौतुकानं! आता इथे, नागपूरपासून दूर, मीच स्टुलावर बसून निवडते, चिरते. डाळभाजी करते, आपल्या लग्नाच्या पंगतीतली: तुरीची डाळ, पालक, फल्लीदाणे, सगळं एका कुकरात. बरा दिवस असला की दुप्पट करते आणि डबे फ्रीजरमध्ये. वरून लिंबू पिळते, कारण पालेभाजीतलं लोह लिंबानं अंगी लागतं. चहानं उलट होतं. म्हणून तर्रीपोह्यांवर लगेच चहा, ही आपली नागपुरी सवय मी मोडली, तासाभरानं घेते. हे सगळ्यात जड गेलं.

उभं राहिल्यावर धडधडतं अशा काहींना मीठ-पाणी वाढवायला सांगतात. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बाहेर सांबारवडीचा वास येतोय. इथल्या मुलांसाठी सांगते, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे. मी काही रांगेत उभी राहणार नाही. कुणीतरी ताट इथेच आणा. वड्या दोन.